श्रुजबेरी, श्रूजबरी आणि श्रोजबरी

कयानी बेकरीच्या श्रुजबेरी बिस्किटाचा अर्धा तुकडा एका इंग्रज कुत्र्याने माझ्या डोळ्यांदेखत खाल्ला, या घटनेला आज अकरा दिवस झाले आहेत. हा विषय मी आता सोडून द्यावा, असे घरच्या मंडळींचे मत आहे. तो सोडण्याची माझी तयारीही आहे. परंतु पुढे कोणी माझ्यावर कोतेपणाचा आरोप करू नये म्हणून एकदा संपूर्ण हकिगत लिहून ठेवावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

बर्मिंगहॅमला भाचीकडे जाताना पुण्याच्या ईस्ट स्ट्रीटवर रांगेत उभे राहून आम्ही श्रुजबेरीचे दोन खोके घेतले होते. बर्मिंगहॅमहून आगगाडीने तासाभराच्या अंतरावर या बिस्किटाचे मूळ गाव आहे, असे कळल्यावर स्वस्थ बसणे शक्यच नव्हते. उरलेल्यांपैकी चार बिस्किटे तुलनेसाठी स्टीलच्या डब्यात घेऊन मी आणि सौभाग्यवती एका शनिवारी निघालो.

गाव देखणे आहे, हे रागाच्या भरातही कबूल केले पाहिजे. सेव्हर्न नदीने त्याला असा काही विळखा घातला आहे की उत्तरेकडची एक चिंचोळी मान सोडली, तर सगळीकडे पाणीच. त्या मानेवर लाल दगडाचा किल्ला, पूर्वेला इंग्लिश ब्रिज, पश्चिमेला वेल्श ब्रिज आणि मधल्या चढउतारांवर काळ्या लाकडी चौकटींची पांढरी घरे, जी गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांसारखी एकमेकींकडे झुकून कुजबुजताना दिसतात. रस्त्यांची नावे डॉगपोल, वाइल कॉप अशी काहीच्या बाही. एका उतरत्या रस्त्याच्या तोंडाशी ‘मार्डोल’ अशी पाटी दिसली. सौभाग्यवतींची कुलदेवता गोव्यातल्या म्हार्दोळची म्हाळसा असल्यामुळे त्यांनी चालता चालता पाटीला हात जोडले आणि मागून येणारा एक मुलगा आदराने थांबला.

किल्ल्याकडून गावात उतरणाऱ्या रस्त्यावर एक फलक आहे. पेलिन नावाच्या गृहस्थाने १७६० मध्ये या जागी आपल्या पाककृतीने श्रूजबरी केक बनवले, असे त्यावर लिहिले आहे. केक म्हणजे बिस्कीटच. इंग्रजांनी नावाचा घोळ तेव्हापासूनच घातलेला आहे. फलकासमोर मी क्षणभर टोपी काढून उभा राहिलो, मग जवळच्या एका बेकरीत शिरलो आणि आयुष्यभर ज्या उच्चाराने हे बिस्कीट मागत आलो, त्याच उच्चाराने विचारले, ‘‘श्रुजबेरी आहे का?’’

काउंटरवरच्या मुलीने अत्यंत मायेने सांगितले की स्ट्रॉबेरी हवी असेल, तर मी बाजारात फळांच्या गाळ्यावर जावे.

मी पुन्हा विचारले. तिने पुन्हा, या वेळी जरा मोठ्याने आणि सावकाश, फळांच्या गाळ्याचा रस्ता सांगितला. माझ्यामागे रांग होती. पुण्यात दुकानदाराशी हुज्जत घालण्यात ज्याची हयात गेली, तो मी, ‘थँक यू’ म्हणून बाहेर पडलो आणि उगीचच फळबाजाराच्या दिशेने चालू लागलो, कारण ती काचेतून बघत होती.

त्यामुळे द स्क्वेअर नावाच्या मुख्य चौकात बाकावर येऊन बसलो, तेव्हा माझी मनःस्थिती आधीच नाजूक होती. समोर १५९६ सालची जुनी मंडई होती; तिच्या खाली कमानींत धान्याचा बाजार भरे आणि वर कापडाचे सौदे होत. सौभाग्यवतींनी डबा उघडून एक बिस्कीट खाल्ले. इतक्यात बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक वृद्ध गृहस्थ येऊन बसले. तपकिरी कोट, गुडघ्यावर टोपी आणि पायाशी आखूड पायांचा, भुवया असलेला एक कुत्रा. त्याचे नाव बर्टी.

‘‘आवडले का आमचे गाव, यंग मॅन?’’ मी त्रेसष्ट वर्षांचा आहे. परंतु गृहस्थ ऐंशीच्या पुढचे दिसत होते, म्हणून चालवून घेतले.

‘‘श्रूजबरी फारच सुंदर आहे,’’ मी म्हणालो. बेकरीतल्या प्रसंगानंतर भाचीला फोन करून मी उच्चार सुधारून घेतला होता.

गृहस्थांनी डोळे मिटले. सदाशिव पेठेतल्या एखाद्या निवृत्त शिक्षकासमोर कोणी ‘पानी’ म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी वेदना उमटते, ती मी येथे प्रथमच परदेशी चेहऱ्यावर पाहिली. ‘‘श्रोजबरी,’’ ते म्हणाले. ‘‘ओ. शो, गो, स्लो. श्रू म्हणजे चिचुंद्री. तुम्ही तुमच्या गावाला चिचुंद्रीचे नाव द्याल का?’’

मी देणार नाही, असे सांगितले. त्यांनी माझ्याकडून तो उच्चार तीनदा म्हणवून घेतला. प्रत्येक वेळी बर्टी आधी माझ्याकडे आणि मग मालकाकडे पाहत होता, आणि तिन्ही वेळा त्याला माझे पटलेले दिसले नाही. तिसऱ्या प्रयत्नाला गृहस्थ समाधानाने मान हलवत असतानाच पिशवीतून कांद्याची लांब पात बाहेर डोकावत असलेली त्यांची पत्नी तेथे आली आणि काहीही प्रास्ताविक न करता म्हणाली, ‘‘श्रूजबरी. याचे ऐकू नका. माझा जन्म इथला आहे. हा बाहेरचा आहे.’’

‘‘मी बेचाळीस वर्षे इथे राहतो,’’ गृहस्थ म्हणाले.

‘‘तेच सांगते आहे. बाहेरचा.’’

यानंतर सुमारे पंधरा मिनिटे आमचे तेथे असणे दोघांच्याही लक्षात राहिले नाही. तिच्या आईने काय म्हटले असते, शाळेतले मास्तर काय म्हणत, गावातली मोठी माणसे ‘ओ’ म्हणतात की ‘ओ’ म्हणणारी माणसे स्वतःला मोठी समजतात, असा तो वाद फिरत राहिला. बेचाळीस वर्षांत तो रोज झाला असावा, इतक्या सफाईने दोघे आपापल्या वाक्यांवर येत होती. सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, ‘‘अहो, अगदी आपल्या घरासारखे वाटते आहे, नाही?’’ मी उत्तर दिले नाही.

पुढे गृहस्थांनी शिष्टाचार म्हणून मला माझे गाव विचारले.

‘‘पुणे.’’

‘‘आ, पूना!’’

‘‘पुणे,’’ मी म्हणालो. ‘‘ए. डे, से, वे.’’

‘‘पूना,’’ ते प्रेमळपणे म्हणाले. त्यांचे एक काका सैन्यात असताना किर्कीला होते, असेही त्यांनी सांगितले. खडकी, असे मी म्हणालो. किर्की, असे ते म्हणाले. यांच्या गावाचा ‘ओ’ मी तीनदा घोटून दाखवला होता आणि माझ्या गावाचा ‘ए’ एकदा उच्चारायला यांच्या जिभेला एवढे कष्ट पडत होते! अशा वेळी शहाण्या माणसाने उठून जावे. मी डबा पुढे केला.

तुमच्या गावाचे नाव आमच्या शहरात घरोघरी घेतले जाते, १९५५ पासून चालत आलेली बेकरी आहे, लोक रांगा लावून ही बिस्किटे नेतात, असे मी अभिमानाने सांगितले. बाईंनी एक बिस्कीट उचलले, खाल्ले आणि त्या गप्प झाल्या. ही दाद समजावी, असे मला वाटते. गृहस्थांनी मात्र बिस्कीट उजेडात धरले, उलटे करून पाहिले, वास घेतला, एका कडेचा तुकडा मोडून बराच वेळ चघळला आणि न्यायाधीशाच्या स्वरात निकाल दिला, ‘‘उत्तम आहे. पण हे श्रोजबरी नव्हे. यात शहाजिरे नाही.’’

आता, शहाजिऱ्याबद्दल ते चुकीचे नव्हते. जुन्या इंग्रजी पाककृतींत या बिस्किटात शहाजिरे असते, गुलाबपाणी असते, पुढे लिंबाची साल आणि बेदाणेही आले. आमच्या बिस्किटात लोणी आहे आणि ते पुरेसे आहे. हे सगळे मी शांतपणे मान्य केले असते. परंतु निकाल देता देता त्यांचा हात खाली गेला आणि उरलेले अर्धे बिस्कीट, जे पुण्याहून सात समुद्र ओलांडून विमानाच्या पोटात न मोडता आले होते, ते त्यांनी बर्टीच्या तोंडात दिले. बर्टीने ते चावलेसुद्धा नाही.

दोघे जण कुत्र्यासह निघून गेल्यावर समोरच्या पुतळ्याकडे माझे लक्ष गेले. तो रॉबर्ट क्लाइव्ह होता. १७६१ पासून १७७४ मध्ये मरेपर्यंत हा या गावाचा खासदार आणि मध्ये एकदा महापौरही होता. १८६० मध्ये चौकाच्या मध्यभागी त्याला उभे केले. २०२० मध्ये पुतळा हलवण्याची मागणी झाली, पण तो जागचा हलला नाही. येथे येण्यासाठी आम्ही बोटांचे ठसे दिले, सहा महिन्यांचे बँकेचे हिशेब दिले, परत जाऊ अशी हमी दिली. याने आमच्याकडे येताना काय दिले होते, असा प्रश्न मनात आला आणि खरे सांगायचे तर तो विनोदी वाटला नाही.

परतीच्या गाडीत मी सौभाग्यवतींपुढे हा सगळा संताप मांडला. फक्त इतिहासाचा थोडासा अभ्यास असल्यामुळे मला मध्येच अडखळावे लागले, कारण १७५१ मध्ये अर्काटच्या वेढ्यात हाच क्लाइव्ह अडकला होता, तेव्हा त्याच्या मदतीला जी फौज निघाली, ती मुरारराव घोरपड्यांची, म्हणजे आपलीच होती. त्याच वेढ्यात धान्य संपत आल्यावर देशी शिपायांनी भात गोऱ्यांना द्यावा आणि आपल्याला वरची पेज पुरेल, असे आपणहून सांगितले, अशी कथा इंग्रजांनीच मोठ्या कौतुकाने लिहून ठेवली आहे.

‘‘बघ,’’ मी म्हणालो, ‘‘भात त्यांना, पेज आपल्याला. अडीचशे वर्षे झाली तरी आपण डबा पुढे करतोच आहोत.’’ एवढे बोलून मी स्वतःसाठी राखून ठेवलेले चौथे बिस्कीट काढायला डबा उघडला. आत थोडा चुरा होता.

‘‘अहो, ते मी मघाशीच बर्टीला दिले,’’ सौभाग्यवती खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. ‘‘तुम्ही त्यांना पुणे म्हणायला शिकवत होतात तेव्हा. किती शहाण्यासारखे मागत होते हो ते.’’