'फेकाफेक' या शब्दाबद्दल

'निरीक्षक' यांना नमस्कार.

अतिसूक्ष्म धातुकणांमधल्या अतिसंवाहकतेवरच्या (म्हणजे खूप थंड केल्यावर धातूचा विजेला होणारा रोध शून्य होतो, त्यावरच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "त्या कणाचा रोध शून्य झालेला कुणी पाहिलाय? निव्वळ फेकाफेक. आधी बारावीचं फिजिक्स वाचा." पुढे आणखी तीन मुद्दे.

एक चूक मान्य. गियेव्हर आणि झेलर यांच्या कथिलाच्या कणांवरच्या प्रयोगाचं साल 1968. माझ्याकडून 1986 पडलं होतं. दुरुस्त केलंय.

पण फेकाफेक? शंका हवी तितकी काढा, हा शब्द मात्र मला लागला. एमएस्सीच्या प्रोजेक्टला कथिलाच्या तुकड्यावर चांदीच्या पेस्टने चार तारा चिकटवून मी रात्ररात्र बसलोय. द्रव हेलियम 4.2 केल्विनला उकळतं, कथिल अतिसंवाहक होतं 3.7ला; म्हणून पंप लावून हेलियमवरचा दाब हळूहळू उतरवायचा. व्होल्टमीटरवरचा आकडा एका क्षणी धाडकन खाली आलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. मला बारावीत पाठवणारे तुम्ही कोण?

आणि उत्तर लेखातच होतं. 1990च्या दशकात हार्वर्डमध्ये रॅल्फ, ब्लॅक आणि टिंकहॅम यांनी ॲल्युमिनियमच्या एकट्या कणाला तारा जोडल्या, पण मध्ये ऑक्साइडचा पापुद्रा ठेवून. तिथे रोध मोजलात तर तो पापुद्र्याचा येईल, कणाचा नाही. म्हणून त्यांनी रोधाचा नाद सोडला आणि एकेक इलेक्ट्रॉन आत जायला किती ऊर्जा लागते ते मोजलं. अतिसंवाहकता येते ती इलेक्ट्रॉनांच्या जोड्या लागल्यामुळे. कणात इलेक्ट्रॉन सम असले की सगळ्यांच्या जोड्या लागतात, एक जोडी फोडायला ठरावीक ऊर्जा द्यावी लागते, आणि ऊर्जेतली ती फट, म्हणजे गॅप, आलेखात दिसते. विषम असले की एक एकटाच उरतो आणि गॅप दिसत नाही. एका इलेक्ट्रॉनने हा फरक पडतो! जोड्या लागल्याचा याहून थेट पुरावा कोणता हवा? त्रिज्या साधारण 5 नॅनोमीटरच्या खाली गेली की गॅप ओळखूच येत नाही. कण फारच लहान झाला की अतिसंवाहकता टिकत नाही, ही भौतिकशास्त्रज्ञ अँडरसननी 1959 मध्ये वर्तवलेली मर्यादा हीच. आपल्या कुलाब्यात, टीआयएफआरमध्येही (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) नायोबियमचे कण 8 नॅनोमीटरच्या आसपास अतिसंवाहकता सोडतात हे दिसलंय.

बाकीच्या तीन मुद्द्यांत मी शिरत नाही. तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, आहे तशी ठेवलीय. पुढच्या वेळी लेख पूर्ण वाचून लिहा.