दुसऱ्याच्या प्रारब्धाचा हिशेब

आपल्याकडे दशक्रियेच्या सकाळी नदीकाठी प्रवचन ठेवण्याची पद्धत आता इतकी रूढ झाली आहे, की ते नसेल तर गाव विचारते. मी माळकरी घरातला आहे आणि अशी प्रवचने लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्यांतली बरीचशी चांगली असतात. देहाची नश्वरता, नामाचा आधार, आईवडिलांची जिवंतपणी करायची सेवा या गोष्टी माणसाला त्या सकाळी ऐकायच्या असतात, आणि पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत बसलेल्या घराला त्या शब्दांचा खरोखर आधार होतो. आयुष्य पुरे करून गेलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या दहाव्याला काही अडचण येत नाही. अडचण येते ती जाणारा तिशीतला असतो, कर्जापायी विहिरीत उडी घेतलेला शेतकरी असतो किंवा कर्करोगाने गेलेली दोन लेकरांची आई असते तेव्हा. अशा वेळी काही बुवा संचित (साठलेले जुने कर्म), प्रारब्ध (त्यातले या जन्मी भोगायचे) आणि क्रियमाण (आत्ता हातून घडणारे) यांची फोड करून सांगतात, भोग भोगल्याशिवाय सुटत नाहीत असे बजावतात आणि मागल्या जन्मी काहीतरी घडले असले पाहिजे हे समोर बसलेल्या विधवेला ऐकवून पुढच्या दृष्टान्ताकडे वळतात. ही पोस्ट त्या वाक्याविषयी आहे.

कर्मसिद्धान्त खरा की खोटा, या वादात मला येथे शिरायचे नाही. तो मानणाऱ्यांपैकीच मी एक आहे. माझा आक्षेप एवढाच आहे, की वारकरी संतांनी हा सिद्धान्त जेव्हा जेव्हा आपल्या दुःखाला लावला तेव्हा तो प्रथमपुरुषी लावला, आणि आपण तो सर्रास द्वितीयपुरुषी लावतो. 'माझे प्रारब्ध' असे म्हणणाऱ्याला त्यातून बळ मिळते. 'तुझे प्रारब्ध' असे सुनावणाऱ्याला त्यातून सुटका मिळते, कारण पुढे त्याला काही करावे लागत नाही.

तुकोबांचे उदाहरण घ्या. 1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, गुरे गेली, थोरली बायको अन्न अन्न करीत गेली आणि मूलही गेले. हे त्यांनी स्वतःच अभंगांतून सांगितले आहे. त्याच दुष्काळाबद्दल आणि निघालेल्या दिवाळ्याबद्दल ते देवाला 'बरें जालें' असेही म्हणतात, कारण त्या पीडेने वैराग्य आले आणि देवाचे चिंतन राहिले. दहाव्याच्या प्रवचनात हा अभंग हमखास येतो. पण त्याच तुकोबांनी त्याच काळात इतरांच्या बाबतीत काय केले, ते फारसे येत नाही. घरात पिढीजात सावकारी होती आणि कुळांची कर्जाची खतपत्रे पडून होती. परंपरा सांगते, की त्यांनी निम्मी खते धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची निम्मी इंद्रायणीत बुडवली. दुष्काळ आपल्यासाठी बरा झाला असे म्हणणाऱ्या माणसाने आपल्या कुळांना, 'तुमच्याही भल्यासाठीच आला आहे, आता मुद्दल आणि व्याज मोजा', असे सांगितले नाही. घेतलेले फेडल्याशिवाय सुटका नाही, या कर्माच्या नियमाचे सगळ्यांत ठळक रूप म्हणजे कर्ज. ते फेडून घेण्याचा हक्क हातात असताना तुकोबांनी तो सोडून दिला.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथाही याच जातीची आहे आणि मला ती संतचरित्रांतल्या बहुतेक चमत्कारकथांहून मोलाची वाटते. दुष्काळात बेदरच्या बादशहाच्या धान्याची कोठारे या अधिकाऱ्याने उपाशी लोकांसाठी खुली केली. ते पाप होते की पुण्य, हे त्या दिवशी कुणी ठरवू शकले नसते. राजद्रोह मात्र तो नक्की होता. पुढे त्यांना धरून नेत असताना विठोबाने विठू महाराचे रूप घेतले आणि दरबारात जाऊन धान्याची सगळी रक्कम भरून पावती घेतली, असे कथा सांगते. या कथेतला देव कुणाच्या मागल्या जन्माची वही काढत नाही. उपाशी माणसे कोणत्या कर्माने उपाशी आहेत हे तो विचारत नाही, दामाजीलाही 'केलेस ते भोग' म्हणत नाही. तो दुसऱ्याचे देणे स्वतः फेडतो, आणि तेही गावकुसाबाहेरच्या माणसाचे रूप घेऊन. जनाबाईबरोबर दळणारा आणि सेना न्हाव्याच्या बदली राजाकडे जाणारा विठोबा असाच आहे. कर्माचे फळ काटेकोरपणे मोजून देणारा न्यायाधीश वारकऱ्यांनी विटेवर उभा केलेलाच नाही.

त्याच मंगळवेढ्यात चोखोबा गेले. गावकुसाच्या बांधकामावर वेठीला लावलेली माणसे भिंत कोसळून तिच्याखाली गाडली गेली, त्यांत ते होते. साल 1338 मानले जाते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारापाशी त्यांची समाधी झाली. चोखोबांच्या नावावर असा एक अभंग आहे, की ज्यात ते आपला जन्म हे पूर्वी घडलेल्या कृष्णनिंदेचे फळ असल्याचे सांगतात. मला हा अभंग वाचवत नाही. विटाळ सोसणाऱ्या माणसाने त्याचे कारणही आपल्याच माथी घ्यावे, इतके ते शिक्षण खोलवर गेलेले होते. पण परंपरेने त्याच घरातला दुसरा आवाजही जपून ठेवला आहे. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा मागल्या जन्माचे नाव न काढता देवालाच धारेवर धरतो. 'आमुची केली हीन याती', हे तुला कळत कसे नाही, असे तो विचारतो, आणि उष्टे खाण्यात जन्म गेला तरी तुला लाज वाटत नाही, असे तोंडावर सुनावतो. बापाने जबाबदारी स्वतःकडे घेतली, मुलाने ती देवाकडे परत पाठवली. दोन्ही रचना वारकऱ्यांच्या गाथेत आहेत. कीर्तनाला मात्र बापाचा अभंग निघतो आणि मुलाचा निघत नाही, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

या दोघांच्या बरोबर असलेल्या संतांनी काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. नामदेवांनी चोखोबांना त्यांच्या पूर्वकर्माची आठवण करून दिली नाही. ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी शोधून काढल्या. ते काम नंतरच्या लोकांनी सोडले. चोखोबांच्या समाधीपासून देवळाचा दरवाजा हाकेच्या अंतरावर असताना त्यांच्या वंशातल्या आणि जातीतल्या माणसांनी तेथूनच माघारी फिरायचे, हे सहाशे वर्षे चालले आणि ते चालवणाऱ्यांच्या गळ्यातही तुळशीचीच माळ होती. शेवटी 1 मे 1947 रोजी साने गुरुजींना पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसावे लागले आणि दहा दिवसांनी देऊळ उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. 'ज्याचे त्याचे कर्म' हे वाक्य सहाशे वर्षे काय काम करू शकते, याचा याहून स्पष्ट दाखला मला देता येणार नाही.

शास्त्राच्या बाजूने बोलणारे येथे म्हणतील, की हा सिद्धान्ताचा दोष नसून माणसांचा आहे. मान्य आहे. पण मग शास्त्रात हा सिद्धान्त कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून येतो, हेही पाहिले पाहिजे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात (2.1.34) शंका अशी घेतली आहे, की जगात कुणी सुखी आणि कुणी दुःखी असेल तर ईश्वरावर पक्षपात आणि निर्दयपणा यांचा दोष येतो, उत्तर असे आहे, की तो जीवांच्या कर्माला अनुसरून फळ देतो, म्हणून त्याच्यावर तो दोष येत नाही. म्हणजे हा युक्तिवाद ईश्वराला निर्दोष ठरवण्यासाठी मांडलेला आहे. दुःखी माणसाशी शेजाऱ्याने कसे वागावे, हा त्याचा विषयच नाही. आणि गीता तर चौथ्या अध्यायात 'गहना कर्मणो गतिः' असे स्पष्ट सांगते. जी गती भगवंताला गहन वाटते ती नदीकाठच्या मांडवात माइक हातात घेताच आपल्याला उलगडते, हा आत्मविश्वास कोठून येतो, ते मला समजलेले नाही.

शेजाऱ्याने कसे वागावे, हे ज्ञानेश्वरीत आहे, आणि सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीतल्या दयेचे वर्णन करताना माउली त्यावर मन लावून बोलतात. पायात काटा रुतला की कळ जिवात उठते, तसा दयाळू माणूस दुसऱ्याच्या संकटाने पोळतो, असे तेथे म्हटले आहे. वाटेतला खळगा भरल्याशिवाय पाणी जसे पुढे सरकत नाही, तसा तो थकल्याभागल्याला संतोषवूनच पुढे जातो, असेही म्हटले आहे. पाणी खळग्याला तो का पडला, हे विचारत नाही. संन्याशाची पोरे म्हणून ज्यांना बापाच्या कृत्याचे फळ लहानपणी भोगायला लावले गेले, त्यांच्यापैकी एकाने हे लिहिले आहे, हे विसरून चालणार नाही. 'जे का रंजले गांजले' हा अभंग शाळांच्या भिंतींवर आणि पुढाऱ्यांच्या फ्लेक्सवर इतका झिजला आहे, की आता कानांवरून निघून जातो. पण त्यातही रंजले ते कशाने रंजले याची चौकशी नाही, त्यांना आपले म्हणणारा कोण एवढीच आहे.

एक प्रश्न मला अनेकदा विचारला जातो, आणि तो प्रामाणिकपणे विचारला जातो म्हणून त्याचे उत्तर द्यायला हवे. एखाद्याचा भोग आपण मध्येच कमी केला तर उरलेला त्याला पुढच्या जन्मी भोगावा लागेल, मग त्यात हात का घालायचा? हे विचारणाऱ्यांनी आपल्या गुडघ्याचे ऑपरेशन मात्र याच जन्मात करून घेतलेले असते, आणि ते योग्यच आहे. तर्कानेच जायचे तर त्या माणसाच्या प्रारब्धात दुखणे जसे होते तसे वेळेवर मिळालेले पाणी आणि औषधही असू शकते, आणि ते नेमके आपल्या हातून मिळायचे असू शकते. त्याच्या संचिताविषयी आपल्याला काहीच माहीत नसते. आपण पाठ फिरवली, तर ते आपले क्रियमाण मात्र होते, आणि त्याविषयी कसलीही शंका राहत नाही.

कुष्ठरोगाचा इतिहास येथे बोलका आहे. महारोग म्हणजे महापापाचे फळ, असे मानून माणसांना घराबाहेर आणि गावाबाहेर काढले जाई. 1873 मध्ये नॉर्वेच्या हॅन्सेनने त्या रोगाचा जंतू शोधला आणि 1980 नंतरच्या बहुऔषधी उपचाराने तो सहा महिने ते वर्षभरात बरा होऊ लागला. पत्र्याच्या पाकिटातल्या गोळ्यांनी मागल्या जन्मीचे महापाप फिटते, असे म्हणायला कुणी धजावले नाही. रोगाला चिकटवलेले पाप तेवढे गुपचूप गळून पडले. आज मतिमंद मूल असलेल्या आईच्या, वंध्यत्वाच्या आणि आत्महत्या झालेल्या घरांच्या बाबतीत तेच चिकटवणे चालू आहे. आमच्या दिंडीत एक बाई चालतात. त्यांचा मुलगा जन्मापासून अंथरुणावर आहे आणि त्या त्याला सासूपाशी ठेवून वारीला येतात. 'मागल्या जन्मी कुणाच्या तरी लेकराला छळले असेल', हे त्यांना मुक्कामावर पंगतीत ऐकवणारा माणूस वाईट नव्हता. त्याने वाटेत कितीतरी जणांचे पाय चेपले होते. बाईंनी भाकरी तशीच ठेवली आणि त्या उठून तंबूत गेल्या, तेव्हा आपण काय बोललो, हेही त्याच्या ध्यानात आले नाही. आम्ही ऐकणाऱ्यांपैकीही कुणी त्याला हटकले नाही.

गाडगेबाबांचा या संदर्भात मला वारंवार विचार करावासा वाटतो. कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गेल्याची बातमी त्यांना कळली आणि त्यांनी कीर्तन थांबवले नाही. जगात असे कोट्यवधी गेले, एकासाठी काय रडू, असा त्यांचा भाव होता. आपल्या दुःखाशी इतके कठोर असलेल्या या माणसाने दुसऱ्यांच्या दुःखासाठी काय उभे केले? पंढरपुरात चोखोबांच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि पुढे ती आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयात उपचारांसाठी आलेले कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. तेथे खोली देताना मागल्या जन्माची चौकशी होत नाही, केसपेपर पाहतात.

म्हणून माझे म्हणणे वारकऱ्यांपुढे, विशेषतः तरुण कीर्तनकारांपुढे, ठेवतो. जोग महाराजांनी 1917 मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली तेव्हापासून चाल, प्रमाणे (आधाराला घ्यायची संतवचने) आणि सिद्धान्त शिकवण्याची मोठी परंपरा तयार झाली आहे. अकाली मृत्यू झालेल्या घरापुढे काय बोलावे, यासाठीही तयारी लागते, आणि ती फडाफडांतून, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरागत गटागटांतून, जाणीवपूर्वक व्हायला हवी. कर्जाने गेलेल्या शेतकऱ्याच्या दहाव्याला इंद्रायणीत बुडवलेल्या खतांची कथा घ्यावी आणि समोर बसलेल्या सोसायटीच्या चेअरमनला आणि सावकाराला ती ऐकू जाऊ द्यावी. आत्महत्येच्या घरात चोखोबांबरोबर कर्ममेळ्याचाही अभंग काढावा. तोपर्यंत बुवांना बोलावणाऱ्या नातेवाइकांना एक गोष्ट आजही करता येईल: सुपारी देतानाच सांगावे, की महाराज, नामावर बोला, आईवडिलांवर बोला, हवे तितका वेळ बोला, पण गेलेल्याच्या आणि मागे राहिलेल्यांच्या मागल्या जन्मावर बोलू नका. मी आमच्या भावकीत हे सांगायला सुरुवात केली आहे. एका बुवांना राग आला. दुसऱ्यांनी थोडा वेळ विचार केला आणि निरूपणाला दामाजीपंतांचे चरित्र घेऊ का, असे विचारले.