लोणा ॲसिडने जात नाही

सोसायट्यांच्या आणि गावकीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. भिंतीवर पांढरा थर किंवा कोब्यावर, म्हणजे सिमेंटच्या जमिनीवर, काळपट डाग दिसले तर सिमेंट भेसळीचं समजा, पुढच्या वेळी गडद रंगाचं घ्या. थर ॲसिडने धुवा, वर वॉटरप्रूफ रंग मारा. नवा कोबा करताना कोरडं सिमेंट भुरभुरून घोटा, म्हणजे डाग पडतच नाहीत. घरदुरुस्तीची कामं रोज करतो म्हणून सांगतो, यातला एकही सल्ला ऐकू नका.

पांढरा थर म्हणजे लोणा. विटेत, वाळूत, पाण्यात क्षार असतात. सिमेंटमध्ये पाणी पडलं की चुना सुटतो, आणि तो उत्तम सिमेंटमधूनही सुटतो. भिंतीत मुरलेलं पाणी हे सगळं बाहेर आणतं, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. तेव्हा शोधायचं ते पाणी: गच्चीतून येतंय, नळाच्या सांध्यातून की जोत्याखालून? विटांचा संशय असेल तर बांधकामाआधी पसरट भांड्यात 25 मिलिमीटर पाणी घेऊन वीट उभी ठेवा. पाणी आटलं की पुन्हा तेवढंच घाला आणि वीट सुकू द्या. निम्म्याहून जास्त वीट पांढरी पडली तर तो माल परत पाठवा.

गडद सिमेंट मजबूत, हेही खोटं. करडा रंग मुख्यतः लोहामुळे येतो. पांढऱ्या सिमेंटमध्ये लोह नगण्य असतं, म्हणून ते कच्चं ठरत नाही. रंग नव्हे, पोत्यावरची तारीख बघा, सिमेंट जुनं नको. कोब्यावरचे काळे-पांढरे पट्टे बहुतेक वेळा एका घमेल्यात पाणी जास्त, दुसऱ्यात कमी पडल्याने येतात.

आता ॲसिड. ते पांढऱ्या थराबरोबर सिमेंटही खातं आणि मागे राहिलेलं क्लोराइड आत मुरून काँक्रीटमधल्या सळईला गंज चढवतं. शहाबादी आणि कोटा या दोन्ही फरश्या चुनखडीच्या, त्यामुळे थेंब पडताच फसफसतात. गेल्या वर्षी एका घरी हा मेसेज वाचून जिन्यावर ॲसिड ओतलं होतं. मी पोचलो तेव्हा फेस बसला होता. पायरीवर हात फिरवला तर गुळगुळीत शहाबादी पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागली, दरजेतलं सिमेंट नखाने निघत होतं. काकू म्हणाल्या, "अहो, पण डाग तर गेला ना?" पंधरा दिवसांत लोणा त्याच जागी परत आला. शेजारच्या न्हाणीचा पाइप गळतच होता. तो सांधा बदलला, भिंत सुकू दिली, काथ्याच्या ब्रशने थर कोरडाच झाडून बाहेर टाकला, आणि मग तो आला नाही. आणखी एक, जिवाशी गाठ असलेलं: ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये माणूस गुदमरतो.

ओल्या भिंतीवर आतून वॉटरप्रूफ रंग मारला तर पाणी रंगामागे अडतं, फुगे येतात, पापुद्रे सुटतात. कोकणातल्या जुन्या जांभ्याच्या घरांना सिमेंटचा गिलावा केला की हेच होतं. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडत होता, सिमेंटचा ती आत कोंडतो आणि ओल आणखी वर चढते.

कोरडं सिमेंट भुरभुरणं ही काही गवंड्यांचीही सवय आहे. वर आलेलं पाणी शोषायला ते टाकतात. त्याने वरची साल कमजोर होते, केसासारख्या भेगा पडतात आणि झाडताना कायम धूळ निघते. ते पाणी उडून जाईपर्यंत थांबा, मगच घोटाई करा. नंतर साध्या सिमेंटला किमान 7 दिवस पाणी मारा, कडक उन्हात 10. राख मिसळलेल्या पीपीसीला 14 दिवस मारलेलं चांगलं. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकातही हेच सांगितलंय.

मेसेजमध्ये नसलेला एक डाग मात्र खरा धोक्याचा: स्लॅबच्या तळाशी सळईच्या रेषेत उमटलेला तांबूस डाग. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. हातोडीने हलकेच टकटक करा. आवाज पोकळ आला तर रंगाऱ्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, आणि त्या स्लॅबखाली कुणाची खाट असेल तर ती आजच हलवा.