जुलाब झाले म्हणून मांजर परत?

आज दुपारी मेसेज आला. "ताई, तुमचं मांजर आजारी निघालं. सारखी पातळ शी करतंय, सोफा खराब झाला. घेऊन जा. दुसरं चांगलं असेल तर सांगा." मी दत्तक दिलेलं हे मांजर घरी नेऊन आठवडासुद्धा झालेला नाही. नेताना गळ्यात घेऊन फोटो काढले, नाव ठेवलं, स्टेटस टाकला. आणि आता भाजीवाल्याला नासका टोमॅटो परत करावा तसं "घेऊन जा"!

मी रागात काहीतरी टाईप केलं, खोडलं, परत टाईप केलं, शेवटी फक्त "येते" एवढंच लिहिलं. संध्याकाळी नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमधून जाऊन आणलं तिला. आत्ता ती आमच्या मागच्या खोलीत झोपलीये आणि मी हे लिहितेय, कारण नाही लिहिलं तर मला झोप लागणार नाही.

माझ्या लिस्टमधल्या माणसांना मुक्या जिवाची किंमत सांगायची गरज नाही. पण तुमच्या ओळखीत कोणी ना कोणी मांजर आणणार असेल, त्यांना हे वाचायला द्या. नवीन घरी आलेल्या मांजराचं पोट बिघडतंच. सगळ्यांचं नाही, पण खूप जणांचं. घर बदललं, वास बदलले, खाणं बदललं, भांड्यांचे आवाज, घरातली पोरं, त्याचा ताण थेट आतड्यावर येतो. रस्त्यावरून आलेलं पिल्लू असेल तर पोटात जंत असतातच असं धरूनच चाला. हा मांजराचा दोष नाही आणि देणाऱ्याने केलेली फसवणूकही नाही.

आमची ढमी बऱ्याच जणांनी बघितली आहे. आता खिडकीत पसरून कबुतरांवर डोळे वटारते ती. सिडकोतल्या एका वडापावच्या गाडीमागून आणली तेव्हा ओंजळीत मावत होती. पोट टम्म आणि पाठीचा मणका बोटाला टोचायचा. पहिल्याच रात्री जुलाब सुरू. शेपटीखाली सगळं माखलेलं, कातडी लालभडक. नाशिकची जानेवारीतली थंडी, त्यात तिला ओलं करायचं नाही, म्हणून कोमट पाण्यात कापूस बुडवून तेवढाच भाग पुसायचा, लगेच मऊ फडक्याने टिपायचा आणि गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून शेजारी ठेवायची. ती ओरडायचीही नाही. नुसती मनगटावर हनुवटी टेकून बसायची. सासूबाईंना मांजर घरात नको होतं, पण रात्री उठून पिशवीतलं पाणी त्याच बदलायच्या.

तेव्हा लोकांनी काय काय सांगितलं! "दूध दे, पोटाला थंडावा मिळतो." कृपा करून दूध देऊ नका हो! आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचवता येत नाही, जुलाब आणखी वाढतात. आपल्याकडे मांजर म्हटलं की वाटीत दूध आणि पोळी कुस्करून, पिढ्यान् पिढ्या हेच चाललंय. "आमच्या आजीची मांजरं दूध पिऊनच जगली" असं कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच आहे. जगली असतील काही. किती मेली ते कोणी मोजलं?

दुसरा सल्ला, घरातली माणसांची गोळी पाव करून द्या. मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विष आहे, एका गोळीने जीव जातो. जुलाब थांबवायच्या आपल्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आणि फिनाईल! मांजराने घाण केली की फरशीवर ओतायचं फिनाईल. तेच पायाला लागतं, मांजर पाय चाटतं, आणि असली रसायनं मांजराच्या लिव्हरला झेपत नाहीत.

ढमीला डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, सलाईन दिलं. दोन दिवस बरं, की परत सुरू. पिवळसर, फेसाळ, आणि वास असा की मागची खोली उघडली तर हॉलपर्यंत कळायचं. शीची तपासणी केली, काही सापडलं नाही. इथे माणसं हात टेकतात. "टेस्ट नॉर्मल आली, म्हणजे मांजरच असलं आहे." आमचे डॉक्टर म्हणाले, परत सॅम्पल आणा. जिआर्डिया नावाचा एक परजीवी असतो, तो रोज शीतून बाहेर पडत नाही, म्हणून एका सॅम्पलमध्ये निसटतो. स्वच्छ डबीत, ताजं, कोरडं न होऊ देता नेलं आणि सापडला तो. मग त्याचं वेगळं औषध, शी करायचा ट्रे रोज उकळत्या पाण्याने धुवायचा, अंथरूण बदलायचं, मागचे केस धुवायचे, कारण केसांना चिकटलेलं चाटून मांजर स्वतःलाच परत लागण करून घेतं. हे कळलं नसतं तर औषधं चालूच राहिली असती आणि जुलाबही.

शेपटीजवळ किंवा गादीवर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी. तो बहुतेक वेळा पिसवांमधून येतो, म्हणजे पिसवा घालवल्याशिवाय तो जाणार नाही. जंताचं प्रत्येक औषध त्याच्यावर चालत नाही, त्यामुळे दुकानातून "जंताची गोळी द्या" म्हणून आणू नका.

हो, खर्च होतो. मान्य. घरात रांगतं बाळ असेल, दोघंही नोकरीला असतील तर अवघड आहे, तेही मान्य. मग आधी विचार करा ना! फोटो काढताना आठवलं नाही का?

आणि आता थोडं आमच्या, म्हणजे मांजरं देणाऱ्यांच्या बाबतीत. आपल्यातलेही काही जण पिल्लू खपवायच्या घाईत असतात, हे मी नाकारत नाही. देताना जंताचं औषध कधी दिलं, लस झाली का, काय खायची सवय आहे हे कागदावर लिहून द्या. तिचंच खाणं आठवडाभर पुरेल एवढं बरोबर द्या. नवीन खाणं सात ते दहा दिवसांत हळूहळू मिसळत न्यायचं असतं. पहिल्याच दिवशी पाऊचमधली ग्रेव्ही ओतली की पोट जाणारच. पोट नाजूक असताना मीठ, हळद, कांदा, लसूण काही न घालता उकडलेलं चिकन थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. ढमीने पहिल्यांदा बशी चाटूनपुसून साफ केली ती याच चिकनची. नंतर ट्रेमध्ये जाऊन घट्ट शी केली आणि आम्ही सगळे, सासूबाईंसकट, ट्रेभोवती उभे राहून बघत होतो. ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल तो आनंद काय असतो.

घरात आधीचं मांजर असेल तर नवीन मांजर दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, ट्रे वेगळा, भांडी वेगळी. याचं कारण गंभीर आहे. पॅनल्यूकोपेनिया, ज्याला आपण मांजरांचा पार्वो म्हणतो, हा जुलाब-उलट्यांचा जीवघेणा आजार; त्याचा विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकून राहू शकतो. साध्या फ्लोअर क्लीनरने मरत नाही, पातळ केलेलं ब्लीच लागतं, आणि ते मांजर बाहेर काढून वापरून नंतर पाण्याने पुसून घ्यायचं. लस आहे त्यावर. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस असतात. "घरातच असतं, लस कशाला" म्हणणाऱ्यांच्या चपलांना चिकटूनही तो घरात येतो.

साधे जुलाब असतील, मांजर खेळतंय, खातंय, तर घाबरू नका, ताजी शी डबीत घेऊन डॉक्टरांकडे जा. पण मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच खाली बसत नसेल, हिरड्या चिकट किंवा पांढऱ्या दिसत असतील, शीत रक्त असेल, किंवा पाण्याच्या वाटीपाशी मान टाकून बसतंय पण पीत नाहीये, उलट्याही होताहेत, तर उद्याची वाट बघू नका. लहान पिल्लू एका रात्रीत जातं. मोठ्या मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर लिव्हर खराब व्हायला लागतं. गाडी नसेल आणि इंदिरानगर, सिडको, पाथर्डी फाटा या बाजूला असाल तर मला फोन करा. कितीही वाजलेले असोत, मी बास्केट घेऊन येते.