पीएसएनआरवर भिस्त नको

फोटो किती कॉम्प्रेस करायचा हे ठरवायला पीएसएनआरचा (पीक सिग्नल-टू-नॉइज रेशो) आकडा पुरे, असं तुमच्या लेखात म्हटलंय. नाही पटलं, राजेहो. तो आकडा मूळ आणि कॉम्प्रेस केलेल्या फोटोच्या पिक्सेलमधला फरक मोजतो. डोळ्याचं त्याला काही देणंघेणं नाही. स्कॉट डेली यांचं १९९३ मधलं व्हिजिबल डिफरन्सेस प्रेडिक्टर (व्हीडीपी) हे डोळ्याच्या नजरेनं मोजणारं मॉडेल किंवा त्याच धर्तीचं नंतरचं एचडीआर-व्हीडीपी विचारतं की फरक माणसाला दिसेल का, आणि फोटोत नेमका कुठे? नागपुरात बर्डीवर आमच्याकडे लग्नाचे अल्बम बनतात. शालूच्या जरीत जेपीईजीची खराबी लपून जाते. तेवढीच खराबी मागच्या मोकळ्या आकाशात चौकटी-चौकटी होऊन उठून दिसते, आणि गिऱ्हाईक बरोबर तिथेच बोट ठेवतं! एचडीआर-व्हीडीपीला मात्र स्क्रीनचा उजेड आणि बघण्याचं अंतर आधी सांगावं लागतं. त्यावरही लिहा.