सही मीही केली होती

माझ्या बाळंतपणात घरी येणाऱ्या आशाताईबद्दल, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेतल्या गावच्या स्वयंसेविकेबद्दल, मी लिहिलं होतं. त्यावर एका ताईंनी चांगलंच खडसावलंय. त्यांचं म्हणणं असं : मी आशाताईला देव्हाऱ्यात बसवलं. त्यांच्याकडे ती बाळ वीस दिवसांचं झाल्यावर एकदाच आली, हात न धुता बाळाला वजनकाट्याच्या झोळीत घातलं आणि सहा तारखांपुढे सह्या घेऊन गेली. शिवाय दहावी शिकलेली बाई तपासणार काय, बालरोगतज्ज्ञ आहेत की! आणि शेवटचं वाक्य : 'दीड महिन्यात मला एकानेही विचारलं नाही, तू कशी आहेस.'

ताई, आधी सह्यांचं.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाने सहा वेळा यायचं असतं : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. माझ्याकडे एकविसाव्या दिवशी ती आलीच नाही. त्या आठवड्यात कुष्ठरोग शोधमोहीम होती, घरोघर फिरणं चाललं होतं. अठ्ठाविसाव्या दिवशी आली तेव्हा तिने मागची तारीख घातली आणि मी निमूट सही केली. लेखात मी हे गाळलं, कारण लेख गोड होत होता. तेवढ्यापुरता तुमचा राग मला लागू आहे.

२०११मध्ये घरी येऊन नवजात बाळ बघण्याची ही योजना देशभर आली तेव्हा या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये ठरले. तेही बेचाळीस दिवस उलटल्यावर, बाळाचं वजन कार्डावर असेल, लस टोचली असेल, जन्माची नोंद झाली असेल तर. म्हणून माझ्या आशाताईने एक तारीख भरून काढली हे मी समजू शकते. तुमच्याकडे झालं ते मात्र या हिशोबात बसत नाही. दगावणाऱ्या नवजात बाळांपैकी बहुतेक पहिल्या आठवड्यातच दगावतात. विसाव्या दिवशी येऊन तिसऱ्या दिवसाची सही घेणं हा सरळ खोटेपणा आहे. आणि हात धुणं तर त्यांच्या प्रशिक्षणात अगदी सुरुवातीला शिकवतात.

एक विचारू? तुमचं बाळंतपण माहेरी झालं का? माझं नाव पुण्यात नोंदवलेलं आणि मी साताऱ्याकडे आईजवळ. साताऱ्याकडच्या आशाच्या यादीत मी नाही, पुण्यातलीला मी सापडणार नाही. आईने दळणाच्या गिरणीवर गाठून सांगितलं म्हणून आमच्याकडे तिसऱ्या दिवशी कुणी आलं. पहिलटकरणीने माहेरी जायचं ही आपली रीत, पण याद्या मात्र पत्त्यावर चालतात.

दहावीच्या मुद्द्यावर मात्र मी भांडणार. ही सगळी पद्धत मुळात गडचिरोलीतली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचा श्वास मिनिटभर मोजायचा, ताप बघायचा, वजन करायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर इंजेक्शनसुद्धा द्यायचं. १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले : तुलनेच्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी. तो आकडा तज्ज्ञांनी छापला, पण श्वास मोजले होते या बायांनीच.

माझ्याकडे सातव्या दिवशी काय झालं ते पुन्हा थोडक्यात. बाळ दिवसभर झोपलेलं. काकू म्हणाली, 'गुणाचं पोर आहे.' आशाताईने विचारलं, 'शू किती वेळा?' मी मोजून सांगितलं, चार. तिने बाळाच्या तळपायाला हात लावला, पाय गार होते. तिने बाळाला उघडंच माझ्या छातीशी ठेवायला लावलं, वरून पदर आणि शाल. दर दोन तासांनी उठवून पाजायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी न बोलावता परत आली. डॉक्टरांची तारीख पंधराव्या दिवसाची होती.

राहिलं ते शेवटचं वाक्य. ते वाचून मी बराच वेळ मोबाइल उपडा ठेवला.

मलाही तसं कुणी विचारलं नव्हतं. आशाच्या फॉर्ममध्ये आईबद्दल प्रश्न आहेत : दिवसातून किती वेळा पोटभर जेवते, किती पॅड बदलावे लागतात, ताप, स्तनांचं दुखणं. मनाच्या जवळ जाणारा एकच, ती असंबद्ध बोलते का. मी अगदी सुसंबद्ध बोलत होते. रात्री शेगडीपाशी बसून रडत होते, तेवढंच. पण खोलीत आई, काकू, न्हाऊ घालणारी मावशी, आळिवाची वाटी, धुरीचा वास. तिथे 'बरी आहेस ना?' विचारलं असतं तरी मी 'हो' म्हटलं असतं.

माझी नणंद इंग्लंडमध्ये लीड्सला असते. तिकडे घरी येणारी हेल्थ व्हिजिटर ही नोंदणीकृत नर्स किंवा सुईण असते, वर वेगळं शिक्षण घेतलेली. तिने नणंदेला एडिंबरा मापनाचे, म्हणजे बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्याचे, दहा प्रश्न दिले. नणंद सांगते, 'मी सगळी उत्तरं छान छान लिहिली. वाटलं, खरं लिहिलं तर बाळ घेऊन जातील.' म्हणजे प्रश्न छापून येऊनही अडतं ते अडतंच.

बेचाळिसाव्या दिवशी मी आशाताईला सोडायला अंगणापर्यंत गेले. ती चपला घालत होती. मी म्हटलं, 'मला बाळ आवडतच नाहीये असं वाटतं कधीकधी.' ती खाली वाकलेलीच राहिली, पट्टा उगाच नीट करत. मग म्हणाली, 'माझ्या थोरलीच्या वेळी मलाबी.' उपकेंद्रातल्या सिस्टरकडे ती मला दुसऱ्याच दिवशी घेऊन गेली.

तुमचं बाळ आता दोन महिन्यांचं असेल. तिसऱ्या महिन्यात आशा पुन्हा यायला हवी. पुढे सहा, नऊ, बारा, पंधरा असं चालतं. या वेळी भेट झाल्याशिवाय सही देऊ नका, हात धुवायला तांब्या आधीच पुढे करा. आणि तोवर थांबवत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा, नंबर लावा, मराठीत बोलता येतं. नाहीतर मला लिहा. मी रात्री जागीच असते, पोरगी अजून दोनला उठते.