'दाजी, आता तरी गाडी विका' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. चौथ्यांदा धाडला तो खुद्द मेहुण्याने, वर स्वतःची एक ओळ जोडून: 'दाजी, आता तरी गाडी विका.' मेसेज थोडक्यात असा: मोटारसायकलच्या हादऱ्यांनी हाताचा संधिवात होतो. एकदा झाला की सांधा जितका वापराल तितका झिजतो, म्हणून गाडी कायमची बंद. वारा लागला की तो सांध्यात शिरतो. अगदीच जायचं असेल तर तांब्याचं कडं घाला, निघण्याआधी दुखण्याची गोळी घ्या आणि गिअरची गाडी सोडून स्कूटर घ्या. शेवटी धमकी: संधिवात असलेल्याचं लायसन्स आरटीओ रद्द करतं.

माझं वय 61. डाव्या अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलेला आहे, म्हणजे नेमका क्लचचा हात. बायकोला अकरा वर्षं आमवात आहे. दोघंही साताऱ्यात गाडी चालवतो, तेव्हा उत्तर द्यायला हरकत नसावी.

पहिली गफलत नावातच आहे. आपण सरसकट 'संधिवात' म्हणतो, पण माझं दुखणं वेगळं आणि बायकोचं वेगळं. माझी ती झीज. वय, आनुवंशिकता, वजन, जुनी दुखापत अशी तिची कारणं, आणि पन्नाशीनंतर बायकांत ती जास्त. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. दोन्ही मनगटं, दोन्ही हातांची बोटं एकदम सुजतात आणि सकाळी तासभर तरी मूठ वळत नाही. याचा हादऱ्यांशी काय संबंध? आमच्या घरी बायकोचा आमवात आधी आला आणि तिची स्कूटर नंतर; ही तोवर गाडी शिकलीच नव्हती. 2006 च्या चिकुनगुनियाच्या साथीनंतर महिनोन् महिने सांधे धरून बसलेली माणसं आठवा. त्यांतल्या कितीजणांकडे गाडी होती?

हादऱ्यांबद्दल एक मात्र कबूल करतो. ब्रेकर मशीन किंवा करवतीची यंत्रं वर्षानुवर्षं धरणाऱ्यांच्या बोटांतल्या रक्तवाहिन्या आणि नसा हादऱ्यांनी खरंच बिघडतात. लांबच्या प्रवासात आपल्याही हाताला मुंग्या येतात. पण अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री झोपेत बधिर होत असतील, तर मनगटात नस दाबली जात असण्याची शक्यता मोठी. ते दुखणं निराळं, उपाय निराळा. त्याला संधिवात म्हणून तेल चोळत बसू नये.

'वापराल तितका झिजतो' हे ऐकायला फार पटतं, कारण टायर तसाच झिजतो. सांधा टायर नाही. ब्रिटनमध्ये आमवाताच्या सुमारे 490 रुग्णांवर हाताच्या व्यायामाची चाचणी झाली, 2015 मध्ये निष्कर्ष आले: ताण आणि ताकदीचे नेमून दिलेले व्यायाम करणाऱ्यांचे हात अधिक कामाचे राहिले. सांधा तापून सुजलेला असताना विश्रांती हवीच. पण कायमची विश्रांती दिली तर स्नायू जातात, आणि मग डब्याचं झाकणही उघडत नाही.

नडतो तो चुकीचा जोर. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत एक किलोचा जोर लावला, तर अंगठ्याच्या मुळाशी त्याच्या साधारण बारापट भार येतो, असं 1977 च्या एका अमेरिकन अभ्यासात गणित मांडलंय. माझी जुनी चेतक स्कूटर आठवते. गिअर डाव्या मुठीत. क्लच दाबायचा आणि तशीच मूठ पिळायची. आजच्या अंगठ्याने ते जमलं नसतं. पण आताच्या मोटारसायकलचा क्लचही मला जड जात होता आणि मी सहा महिने अंगठ्यालाच दोष देत होतो. आमच्या मेकॅनिकने लिव्हर एकदा दाबून पाहिला आणि म्हणाला, "काका, केबल सुकलीय, आतून तारा सुटल्यात." नवी केबल, नीट ऑइल, लिव्हरच्या टोकाला दीडेक सेंटिमीटर फ्री प्ले, म्हणजे दाबताना सुरुवातीची मोकळी हालचाल. निम्मं दुखणं तिथेच गेलं. मग पान्याने लिव्हरचा क्लॅम्प सैल करून लिव्हर थोडा खाली फिरवला, म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत राहतो, मनगट मोडत नाही. लिव्हर मुळाशी न धरता टोकाकडे दाबायचा, जोर कमी लागतो. सिग्नलला क्लच धरून न बसता न्यूट्रल. मूठही जाड करून घेतली, फक्त उजवीकडची, ॲक्सिलरेटरची मूठ सोडली की आपोआप मागे फिरते ना, हे तपासायचं. आणि हँडलवर ओणवं होऊन शरीर तोलायचं नाही, टाकी गुडघ्यांनी धरायची.

वारा सांध्यात शिरत नाही. हवामान आणि दुखणं यांचा संबंध ब्रिटनमधल्या 2019 च्या एका मोठ्या अभ्यासात दिसला, पण माफकच. तरी डिसेंबरच्या पहाटे पसरणीचा घाट उतरताना गारठलेली बोटं ब्रेकवर उशिरा वळतात हे खरं, म्हणून हातमोजे. फार जाड नकोत, त्यांत मूठ जास्त आवळावी लागते.

कड्याबद्दल दोन वाक्यं पुरेत. आमवाताच्या 70 रुग्णांवर ब्रिटनमध्ये तांब्याच्या कड्यांची चाचणी झाली, 2013 मध्ये निकाल आला: साध्या कड्याहून वेगळा फायदा नाही. घालायचंच तर हौसेने घाला. गोळीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. रोज दुखण्याची गोळी पोट, किडनी आणि रक्तदाब तिघांनाही जड जाते, आणि काही जालीम गोळ्यांनी गुंगी येते. गुंगीत गाडी चालवायला सांगणारा हा मेसेज 'आरोग्यहितार्थ प्रसारित' असा शिक्का मारून फिरतोय!

स्कूटरचा सल्ला अर्धा बरोबर आहे. क्लच नाही, डाव्या हाताची मोठी सुटका. बायको म्हणूनच स्कूटर चालवते. पण आताच्या बिनगिअरच्या स्कूटरला पायाचा ब्रेक नसतो. थांबायचं सगळं काम दोन हातांवर. चाकं लहान, त्यामुळे खड्ड्याचा दणका थेट मनगटात. घाट उतरताना मोटारसायकल खालच्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर रोखता येते, स्कूटरवर मुख्यतः ब्रेकच आवळत उतरावं लागतं. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारा ब्रेक) सक्तीचा झाला. जोडब्रेकच्या मोटारसायकलवर पायाने दाबलं की पुढचाही थोडा लागतो, आणि ज्याची पकड गेलीय त्याला हा मोठा आधार. बायको घाटात स्कूटर नेतच नाही. शिवाय स्कूटर मुख्य स्टँडवर ओढताना मनगटाला बसणारी कळ तिला विचारा. ती साइड स्टँडच लावते.

लायसन्सचं म्हणाल तर चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला, फॉर्म 1-अ, लागतो. त्यात प्रश्न असतो तो गाडी चालवायला आड येईल असं व्यंग आहे का, याचा. संधिवात हे नाव ऐकून कुणी लायसन्स काढून घेत नाही.

आम्ही दोघं काही दिवस गाडी काढतच नाही, हेही सांगायला हवं. ताशी 50 च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे 14 मीटर जाते. बोटं एक सेकंद उशिरा वळली, तर तेवढ्यात पुढचा रिक्षावाला थांबलेला असतो. म्हणून दारात, गाडी बंद असताना, दोन्ही लिव्हर दहा-दहा वेळा पूर्ण दाबायचे. आठव्याला हात कुरकुरला की किल्ली परत खुंटीवर. बायकोची बोटं सकाळी नऊपर्यंत आखडलेली असतात, म्हणून तिने भाजी आणि बँक दहानंतर ठेवलीय. गेल्या महिन्यात तिची मनगटं सुजली होती, तेव्हा बारा दिवस स्कूटर कव्हरखाली होती आणि ती रिक्षाने गेली.

मेहुण्याला एवढंच कळवलंय: गाडी विकलेली नाही, केबल बदललीय. तुझ्या गाडीचा क्लचही जड लागतो, रविवारी घेऊन ये.